भाच्याच्या डोक्यावर तांदूळ

मारोलोपदादा प्रभूची प्रार्थना म्हणताना एका ठिकाणी अडायचा. 'आम्ही जसे दुसऱ्यांचे अपराध पुसतो' ही ओळ आली की त्याचे ओठ मिटायचे, आणि पुढची ओळ सुरू झाली की परत उघडायचे. आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये आल्टो बायकांची रांग जिथे संपते तिथे टेनर पुरुषांची सुरू होते, म्हणून मी नेमकी त्याच्या शेजारी. त्याचा आवाज खणखणीत. तो थांबला की थांबल्याचं कानाला कळायचंच. त्याच्या बायकोला हे कधी कळलं नाही, कारण ती डोळे घट्ट मिटून प्रार्थना म्हणते आणि तिला स्वतःच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नाही. मी एकदा त्याला विचारलं, काय रे दादा, तिथेच बरा घसा बसतो तुझा? तर म्हणाला, "देवासमोर उभं राहून खोटं कशाला बोलू?"

एवढंच बोलला आणि गाण्याचं पुस्तक मिटून घरी गेला.

मी रोतुआची आई. बाजाराच्या तोंडाशी माझं कॉफीचं दुकान आहे, केळ्याची भजीही मिळतात. माझं तोंड तिखट आहे हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवते. मारोलोपदादा काही माझा सख्खा भाऊ नव्हे, पण कूळ एक, आम्ही दोघं सितोहांग. कूळ एक म्हणजे भाऊच, त्यात दुसरा विचार नाही. म्हणून तो आणि वहिनी ज्या दिवशी कोबीच्या ट्रकमधून इथे उतरले, त्या दिवशी मी काही विचारलंच नाही. दोघांच्या कपड्यांना धुराचा वास होता आणि वहिनीच्या मांडीवर एक पातेलं. सामान म्हणून तेवढंच. मी मागची खोली झाडून दिली.

ते आले डोंगरापलीकडच्या लुम्बान रिंगोहून, तळ्याकाठचं गाव. तिथे दादाचं बापजाद्यांचं घर होतं, थोडी भातशेती, आणि एक भाचा. भाच्याचं नाव तिओपान. त्याची आई, म्हणजे दादाची थोरली बहीण, लवकर गेली. पोर मामाच्याच अंगाखांद्यावर वाढलं. दादाची मुलगी लाम्रिया आणि हा तिओपान एका ताटात जेवले, तेव्हा मामाची मुलगी भाच्याच्या हक्काची, लग्न काय ते होणारच, असं गावाने धरून ठेवलं होतं. पण तिओपानचा जीव जडला तळ्यापलीकडच्या होत्नावर. दादाने काही मनाला लावून घेतलं नाही. लग्नात मामा म्हणून दोघांच्या खांद्यांवर ऊलोसची शाल त्यानेच घातली. आणि लाम्रियाला तर सुटल्यासारखं झालं. तिओपानच्या घोरण्याचा तिला लहानपणापासून वैताग होता. ती मेदान शहरातल्या एका शाळेतल्या कारकुनाशी लग्न करून गेली, आता चांगली गोलमटोल झाली आहे.

पण गाव काही विसरत नाही. होत्नाचं पहिलं मूल तापाने गेलं. दुसरंही बारशाआधीच गेलं. त्याच सुमारास गावातली डुकरं पटापट मेली, आणि दादाचं एकुलतं एक डुक्कर तेवढं धडधाकट राहिलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. लोक म्हणायला लागले, मामाच्या मुलीला नाकारलं ना, त्याचं हे फळ. मारोलोपने लांबडं भूत पाळलंय.

हे लांबडं भूत आमच्या डोंगरांतलं जुनं दुखणं आहे. बघणारा जसजसा वर बघेल तसतसं ते उंच होत जातं म्हणे, आणि मान मागे पडली की गळा धरतं. कोणीतरी ते पाळतं आणि त्याला माणसं खायला घालतं, असं समजतात. आम्ही सगळे पणज्यापासूनचे बाप्तिस्मा झालेले, रविवारी चर्चला बसायला जागा मिळत नाही, पण गावात लागोपाठ तीन-चार मयती झाल्या की पाळकांना विचारायचं सोडून भगताला आणतात. लुम्बान रिंगोतही आणला. त्याने डोळे फिरवून सांगितलं, ज्या घरात जुनं शिंग टांगलंय त्या घरात ते आहे.

दादाच्या घरात आजोबांच्या वेळचं रेड्याचं शिंग होतं. नक्षीचं, तोंडाला लाकडी बूच. दादा त्यात मिरचीचं बी ठेवायचा, उंदरांपासून लांब राहतं म्हणून. रांगता असताना तिओपान त्या शिंगाशी खेळलेला.

रविवारची प्रार्थना सुटली आणि माणसं चर्चमधून उठून सरळ दादाच्या घराकडे गेली. तिथल्या कॉयरमधले बास, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजाचे, सगळे होते, वहिनीने एकेकाचं नाव घेऊन सांगितलंय मला. पुढे तिओपान. आधी पत्र्यावर दगड, मग आत घुसून शिंग बाहेर. तिओपानने बूच काढलं आणि जमिनीवर उपडं केलं, तर काय पडणार, बी पडलं. माणसाला बी बघून तरी शुद्ध यावी की नाही? नाही. कोणीतरी म्हणालं, भूत बियातच लपतं, आणि घराला काडी लावली. तिओपानने शिंग पेटत्या घरात फेकलं. चर्चचे पंच शेजारीच राहत होते, त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. साप साप म्हणून भुई धोपटली, आणि भुई होती ती माझ्या भावाच्या घराची.

तर असा हा माणूस आमच्याकडे आला. आल्यावर रडगाणं गात बसला नाही. दुसऱ्यांच्या कांद्याच्या शेतात निंदणी-खुरपणी केली, मग खंडाने तुकडा घेतला, छोटे लाल कांदे लावले, बांधाला मिरची. दोन हंगामांत स्वतःचं छप्पर केलं. कॉयरची बाकं डुगडुगत होती ती ठोकून दिली. बोलणं कमी, पण बोलला की नेमकं. मुलगी मेदानहून आली, जावई आला, म्हणाले पोलिसात जाऊ, कोर्टात खेचू. दादाने ऐकून घेतलं आणि मान हलवली. घर जळलं तर बांधता येतं, म्हणाला, आणि माणसांना तुरुंगात घालून माझ्या हाती काय येणार? "मला एकच पाहिजे. ज्या चर्चमधून उठून ते आले, त्याच चर्चमध्ये उभं राहून त्यांनी म्हणावं, मारोलोपकडे काही नव्हतं. बस. मग मी त्यांचं सगळं पुसून टाकीन."

ते होईपर्यंत ती ओळ तो म्हणणार नव्हता. कितीतरी वर्षं म्हटली नाही.

मग लुम्बान रिंगोला नवे पाळक आले. तरुण, चष्मा, पण माणूस सरळ. ते मोटारसायकलवरून डोंगर उतरून दादाला शोधत माझ्या दुकानात आले. म्हणाले, मी गावाशी बोललोय, पंचांशी बोललोय, कापणीच्या सणाला चर्चमध्ये सगळे उभे राहतील आणि जे म्हणायला पाहिजे ते म्हणतील. तुम्ही यायचं, पहिल्या बाकावर बसायचं. त्या दिवशी दादाने माझ्याकडे आपणहून भजी मागितली, आणि पुढच्या बाजाराला नवे बूट घेऊन आला. काळे, नाडीचे. सणाला घालणार म्हणून खोक्यातच ठेवले. वहिनी रोज खोकं उघडून बघायची.

सण अजून बराच लांब होता, आणि मध्येच तिओपान उगवला.

सोबत होत्ना, सातवा महिना उलटलेला, चेहरा पिवळा पडलेला. तिओपानच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. पातेलं बघूनच मी ओळखलं कशाला आलेत ते. भाच्याच्या घरी मूल टिकत नसेल तर त्याने डुकराचं मटण शिजवून मामाकडे न्यायचं, आणि मामाने उलट मासा खाऊ घालायचा, खांद्यावर ऊलोस टाकायचा, डोक्यावर तांदूळ ठेवून आशीर्वाद द्यायचा. मामाचा आशीर्वाद दुसरं कोणी देऊ शकत नाही, पाळकसुद्धा नाही. मला त्यांनी दादाच्या घराची वाट विचारली. मी म्हटलं, दुकान बंद आहे. समोर चार गिऱ्हाईकं कॉफी पीत बसली होती. पण होत्नाचे पाय सुजलेले दिसले, आणि मग मीच त्यांना घेऊन गेले. शिव्या मनातल्या मनात.

दादा ओट्यावर कांद्याच्या जुड्या बांधत होता. त्याने वर बघितलं, परत जुडीकडे बघितलं, गाठ पुरी केली आणि मग म्हणाला, बसा. आत वहिनीने ओळखलं आणि मधलं दार धाडकन लावून घेतलं. चटईवर ते दोघं, समोर दादा, मध्ये पातेलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. मला वाटलं, आता हा पाय धरेल. नाक घासेल. कुठलं काय.

"मामा, झालं ते झालं," तिओपान म्हणाला. "आता त्याला आवरा."

मला समजायला जरा वेळ लागला. हा माफी मागायला आलाच नव्हता. हा भूत काढून घ्या म्हणून विनवायला आला होता. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडलं होतंच, पण दादाने नुसता हात वर केला आणि मी गप्प बसले. मी सहसा बसत नाही.

दादा म्हणाला, माझ्याकडे काही नव्हतं रे. तेवढं एक म्हण, मग पुढचं बोलू.

तिओपानने चटईकडे बघितलं. मग पातेलं मामाकडे सरकवलं. मला तेव्हा संताप आला, पण खरं सांगायचं तर तो निर्लज्ज नव्हता, तो घाबरलेला होता. दोन पोरं पुरलेला बाप. त्याला मनापासून वाटत होतं की मामाकडे ते आहे, आणि मामासमोर खोटं बोललो तर तिसरंही जाईल. दादाने ते ओळखलं. देवासमोर खोटं न बोलणारा माणूस, दुसऱ्याने खोटं बोलावं असं त्याला तरी कसं वाटणार?

मग होत्ना बोलली. इतका वेळ ती पोटावर हात ठेवून बसली होती.

"मामा, खरं काय ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे काही असेल तर सोडून द्या. नसेल तर नसेल. पण हात ठेवा. मला आणखी खड्डा खणून घ्यायचा नाही."

दादा उठला आणि घरामागे कांद्यात गेला. मी त्याच्या मागे. मी म्हटलं, दादा, हे हात दाखवून अवलक्षण आहे. बाळ जगलं तर गाव म्हणेल, बघा, ज्याने घातलं त्यानेच काढलं. गेलं तर म्हणेल, परत खाल्लं. दोन्हीकडून तूच मरणार. आणि सणाला कोण उभं राहणार मग? ते बूट काय पुजायचेत? सण होऊन जाऊ दे, म्हटलं, मग दे काय द्यायचा तो आशीर्वाद.

"सणाआधीच बाळंत होईल ती," तो म्हणाला.

होईल तर होऊ दे, मी म्हटलं. त्यांनी तुझं घर जाळताना महिने मोजले होते का?

तो वाकून एक पात उपटायला लागला, जी उपटायची नव्हती. मग म्हणाला, "रोतुआच्या आई, मी इतकी वर्षं तराजू घेऊन बसलोय. तो किती चुकला, गाव किती चुकलं. माझं पारडं जड आहे, मला माहीत आहे. पण तराजू हातात धरून तिच्या डोक्यावर हात कसा ठेवू? एक काहीतरी खाली ठेवावं लागणार."

मी म्हटलं, आणि तुझं नाव?

"तेच खाली ठेवतो," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. हसत हसत माफ करणारे मी ऐकलेत फक्त प्रवचनात. हा माणूस कांद्यात उभा राहून रडला, नाक शर्टाला पुसलं आणि घरात गेला.

आता मासा कोण शिजवणार? वहिनी दार उघडेना. माझ्या हाताने माती खाईन पण त्याच्यासाठी मासा करणार नाही, असं तिने आतून कळवलं. दादा स्वतः जाऊन शेजारच्या तळीतून भलामोठा मासा घेऊन आला, जिवंत, आणि अंगणात पाटा घेऊन बसला. सुरी उलटी धरून खवले काढायला लागला. खरबडखरबड आवाज. दार उघडलं.

"अहो, आशीर्वादाच्या माशाचे खवले काढतात का कधी?" वहिनी म्हणाली. "जन्मभर खाल्लात, डोळे काय बाजारात ठेवून खाल्लेत?"

तिने सुरी हिसकावली. हे मी त्याच्यासाठी करत नाहीये, म्हणाली, तुम्ही मासा नासवाल म्हणून करतेय. मग हळद वाटली, आलं वाटलं, मिरची वाटली, आणि डोळ्यांतलं पाणी मिरचीवर घातलं. मासा अख्खाच शिजवला, जसा शिजवायचा तसा, खवल्यांसकट. एका बाजूने थोडे गेलेले होते ते झाकायला वरून मसाला जरा जास्त घातला.

ऊलोसचा प्रश्न राहिलाच. दादाचे सगळे ऊलोस त्या घराबरोबर जळलेले. तो माझ्याकडे बघायला लागला. माझ्या पेटीत एक चांगला होता, माझ्या रोतुआसाठी ठेवलेला, माझ्या आईच्या हातचा. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस. तरी बघतच राहिला. मी घरी गेले आणि घेऊन आले. कशाला आणला ते मला विचारू नका, मलाही माहीत नाही.

माशाचं ताट दोघांसमोर ठेवलं, माशाचं तोंड त्यांच्याकडे. दादाने दोघांच्या खांद्यांवरून एकच ऊलोस गुंडाळला. मग मूठभर तांदूळ घेतले आणि थोडे होत्नाच्या डोक्यावर ठेवले, थोडे तिओपानच्या. त्याचा हात तिथेच राहिला. म्हणाला, माझ्या मनात तुमच्याविषयी काही नाही. तिओपानने सुटकेचा श्वास सोडला, आणि मला कळलं की मामाने भूत आवरलं असाच त्याने याचा अर्थ घेतला. दादालाही कळलं. पण त्याने ते दुरुस्त केलं नाही. त्याने प्रभूची प्रार्थना सुरू केली, आणि ती ओळ आली तेव्हा मी डोळे उघडून बघितलं. तो म्हणाला. सबंध म्हणाला, 'आम्ही' ते 'पुसतो', एक शब्द न गाळता. तिओपानच्या केसांतले तांदूळ खाली पडले, कारण त्याची मान हलत होती.

मुलगी झाली आणि जगली. नाव ठेवलं तिओर. तिओपान स्वतः डोंगर उतरून सांगायला आला, आणि मी त्याला कॉफी दिली, बिनसाखरेची. पुढे तो दर नव्या वर्षाला पोरीला घेऊन मामाच्या पाया पडायला यायचा, आणि दर वर्षी मी त्याला तशीच कॉफी द्यायचे. निमूट प्यायचा. शिंगाबद्दल अवाक्षर काढायचा नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, मी वहिनीला म्हणायचे. वहिनी मात्र हळूहळू त्याच्या ताटात जास्तीचा तुकडा वाढायला लागली होती.

आणि गावाने काय केलं? जे मी सांगितलं होतं तेच केलं. सणाच्या आधी ते पाळक खाली मान घालून आले. म्हणाले, माणसं आता उभी राहायला तयार नाहीत. म्हणतात, ज्याच्या हाताने निघालं त्याच्याच हाताने लागलं असणार, आणखी पुरावा काय पाहिजे? पाळकांचा चेहरा इतका पडला होता की दादालाच त्यांची दया आली. "असू दे, पाळक," तो म्हणाला. "भजी गरम आहेत, खाऊन घ्या." बुटांचं खोकं वहिनीने फळीवर वर ढकललं.

त्यावर कडी म्हणजे डोंगरापलीकडून लोक दादाकडे यायला लागले. कोणाचं पोट दुखतंय, कोणाची म्हैस दूध देत नाही, आणि आवरा म्हणून पातेली घेऊन दारात. दादा त्यांना सांगायचा, मिरचीचं रोप पाहिजे तर न्या, भूत शिल्लक नाही. काही जण रोप घेऊन गेले आणि गुण आला असंही सांगत सुटले. आम्ही हसायचो. तोही हसायचा, पण नंतर बराच वेळ कांद्यात जाऊन बसायचा. नाव गेल्याचं दुःख त्याला नव्हतं असं कोणी समजू नये. ते त्याने खाली ठेवलं होतं, विसरला नव्हता. आणि दर रविवारी ती ओळ मात्र म्हणायचा, उगाच जरा जोरातच.

छातीच्या दुखण्याने तो गेला तेव्हा तिओर शाळेत जायला लागली होती. बापाच्या थडग्याशेजारी पुरा, एवढं त्याने वहिनीला सांगून ठेवलं होतं, म्हणून आम्ही त्याला लुम्बान रिंगोला नेलं. वहिनीने त्याला ते काळे बूट घातले. पेटी ठेवायला त्याचं घर नव्हतं, नुसते जोत्याचे दगड आणि त्यांत उगवलेलं गवत, म्हणून तिओपानच्या अंगणात ठेवली. गाव सगळं लोटलं. बास आवाजाचे ते सगळे आले, म्हातारे झालेत आता, आणि मेले गायलेही सुरेख.

पुरायला नेण्याआधी पेटी चर्चमध्ये आणली. पाळकांनी वचन वाचलं. मग तिओपान पहिल्या बाकावरून उठला, पोरीचा हात धरून पेटीपाशी गेला आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिला. खांद्यावर माझ्या आईच्या हातचा ऊलोस.

"माझ्या मामाकडे काही नव्हतं," तो म्हणाला. "मला हे कधीच कळलंय, बोलायची छाती झाली नाही. तुम्हीच सांगा. आपण त्याचं घर जाळलं. त्याच्याकडे भूत असतं तर त्याने आधी कोणावर सोडलं असतं? माझ्यावर. मग तुमच्यावर, एकेकावर. आणि आपण सगळे इथे उभे आहोत, पोरंबाळं घेऊन." त्याने पेटीच्या कडेवर हात ठेवला. "शिंगात मिरचीचं बी होतं. मी बघितलं होतं. मीच ओतलं होतं."

खिडक्या लावून घेणाऱ्या पंचांपैकी एक जण अजून आहे, तो काठी टेकत उठला आणि उभा राहिला. मग बास आवाजाचे उठले. मग बाकीचे. माझा भाऊ त्यांच्यासमोर नवे बूट घालून झोपला होता. याच चर्चमध्ये, जसं त्याला पाहिजे होतं तसं, फक्त ऐकायला तो नव्हता. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदमच आलं.

पाळकांनी प्रार्थना सुरू केली. ती ओळ आली आणि माझे ओठ मिटले. शेजारी वहिनी म्हणत होती, पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून, तिओपानकडे बघत. मला नाही जमलं. त्या माणसांनी हेच वाक्य वेळेवर म्हटलं असतं तर त्यांचं काय गेलं असतं?

मी अजून तिथे अडते. देवासमोर उभं राहून खोटं कशाला बोलू? तिओपान परवा बाजाराला आला होता, तिओरला घेऊन. पोरीने दोन भजी खाल्ली. त्याला मी कॉफी दिली. एक घोट घेतल्यावर त्याने कपात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, पण विचारलं काही नाही. साखर घातली होती मी.